म्हातारपणाचा विसर, की बंद खोलीतली शेगडी?

कोळसा धुमसायचा थांबतो, वर राखेचा पातळ थर धरतो आणि आत नुसता लाल निखारा उरतो, तेव्हा आपल्याकडं शेगडी घरात घेतात. धूर असताना कुणी घेत नाही. डोळे चुरचुरतात, पोरं खोकतात. धूर गेला म्हणजे शेगडी झाली, ही जुनी रीत. परभणी-हिंगोलीकडं डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की ही शेगडी हमखास घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या बाजेजवळ जाते. दार लावलेलं, खिडकीच्या फटीत गोणपाट कोंबलेलं.

धोका नेमका इथून सुरू होतो, आणि त्यातलं एक दुखणं काही आठवड्यांनी म्हातारपणाच्या विसरासारखं दिसतं. कधी अंधारात पेटत्या कोळशाकडं नीट बघा. निखाऱ्यांच्या वर बोटभर उंचीच्या निळसर ज्योती हलताना दिसतात. तो कार्बन मोनॉक्साइड जळत असतो. शेगडीच्या तळाशी हवा लागते तिथं कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. हा वायू वर चढताना तापलेल्या कोळशातून जातो, तिथं त्याला आणखी कार्बन मिळतो आणि एका रेणूचे कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. वर आच आणि हवा दोन्ही असली तर तो ज्योतीतच संपतो. निखारा मंदावला, राख चढली, की ज्योत विझते. वायू मात्र यायचा थांबत नाही. आता तो न जळता खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला पाणी नाही की घशाला खवखव नाही. धूर दिसत असतो तोवर माणूस सावध असतो. धूर गेल्यावर तो निवांत झोपतो.

शेगडीजवळ पाण्यानं भरलेलं भांडं ठेवलं की ‘विषारी हवा’ त्यात ओढली जाते, असं मानणारे पुष्कळ आहेत. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आणि सिलिंडरचा गॅस जड असल्यानं जमिनीलगत साचतो, तसा हा साचत नाही. हवेपेक्षा किंचित हलका असल्यानं तो सगळ्या खोलीत सारखा मिसळतो. खाली झोपा नाहीतर पलंगावर, सुटका नाही.

आता रक्तात काय होतं ते बघू. लाल पेशींतलं हिमोग्लोबिन फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलतं आणि शरीरभर नेऊन सोडतं. ‘नेऊन सोडणं’ हे उचलण्याइतकंच महत्त्वाचं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनच्या त्याच जागी बसतो आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट घट्ट असते. हा वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं. पुढं १८९०च्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं स्वतःच हा वायू हुंगून रक्तात काय फरक पडतो ते मोजलं. हिशेब सोपा आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. पकड दोनशे दहा पट धरली तर हवेत नुसता ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड असला तरी बरोबरीची झुंज होते. अशा हवेत माणूस तासन्‌तास राहिला तर त्याचं जवळपास अर्धं हिमोग्लोबिन या वायूनं अडवलेलं असतं. हजार भागांत एक भाग.

त्यात आणखी एक मेख आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूला चार जागा असतात. एखाद-दोन जागी कार्बन मोनॉक्साइड बसला की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन हिमोग्लोबिन जास्त घट्ट धरून बसतं. म्हणजे उचललेलं तेही नीट सोडत नाही. अंगात रक्त कमी होऊन हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेल्या माणसापेक्षा निम्मं हिमोग्लोबिन असं अडकलेल्या माणसाची अवस्था वाईट असते ती यामुळं. शिवाय हा वायू पेशींच्या आतही शिरतो आणि ऑक्सिजनपासून ऊर्जा करणारी यंत्रणा तिथंच अडवतो. रक्तातलं प्रमाण उतरलं तरी आतलं नुकसान चालू राहू शकतं.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन लागतो वीस टक्के. साठवण काही नाही. म्हणून पहिला फटका तिथंच. आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस, हालचालींचा ताल सांभाळणारा मेंदूच्या तळाजवळचा ग्लोबस पॅलिडस आणि मेंदूच्या भागाभागांना जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग, ही याची ठरलेली ठिकाणं. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचा ग्लोबस पॅलिडस सारखाच दुखावलेला दिसला की जाणकार डॉक्टर शेगडी आणि गिझरबद्दल विचारतात.

हाच वायू पंचविशीतल्या पोराला आणि सत्तरीतल्या आजीला एकाच खोलीत मिळाला तर आजीचं नुकसान जास्त का? त्याची कारणं एकावर एक चढलेली असतात. वयाबरोबर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. बीपी आणि शुगर असेल तर जास्तच. पांढऱ्या भागाच्या खोल थरांना रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या लांब आणि बारीक असतात, त्यांच्यापुढं दुसरी वाट नसते. पुष्कळ वृद्धांच्या एमआरआयमध्ये या भागात आधीच बारीक डाग असतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो, कारण मेंदू शिलकीवर भागवत असतो. त्या शिलकीवरच हा घाला येतो. तरुण माणसाचं हृदय ऑक्सिजन कमी पडला की जोर लावून रक्त ढकलतं. म्हातारं हृदय तेवढा जोर लावू शकत नाही. अंगात रक्त कमी असेल, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांत ते कितीदा असतं हे वेगळं सांगायला नको, तर थोडक्या हिमोग्लोबिनचा मोठा वाटा लवकर अडकतो. बिडी ओढणाऱ्यांच्या रक्तात तर हा वायू मुळातच जास्त असतो. न ओढणाऱ्याच्या रक्तात एक-दोन टक्के, तर भरपूर ओढणाऱ्याच्या रक्तात दहापर्यंत. आणि साधी गोष्ट म्हणजे घरात सगळ्यात जास्त वेळ थांबतं ते म्हातारं माणूसच. तरुण पहाटे दूध काढायला, मोटार चालू करायला बाहेर पडतात. आजी शेगडीपाशीच.

बाळंतिणीची खोली हे याचं टोकाचं उदाहरण. वारा लागू नये म्हणून सगळं बंद, बाजेखाली शेगडी, वरून ओवा आणि बाळंतशेपाची धुरी. बाळ-बाळंतिणीची काळजी सगळ्यांना असते, आणि ती हवीच, कारण तान्ह्या बाळाला हा वायू फार बाधतो. पण त्या खोलीत चोवीस तास बसून शेक देणारी, रात्री निखारे सारखे करणारी आजी कुणाच्या लक्षात येत नाही.

सुरुवातीची लक्षणं इतकी रोजची असतात की त्यांचं कुणी काही मानत नाही. डोकं जड, मळमळ, गरगरणं, अंगात त्राण नसणं. आपल्याकडं याचं निदान ठरलेलं: पित्त झालं. म्हाताऱ्या माणसात कधी डोकं दुखतही नाही, नुसतं थोडं चळल्यासारखं होतं, तोल जातो, छातीत दुखतं. पुस्तकात लिहिलेला चेरीसारखा लाल चेहरा जिवंत रुग्णात क्वचितच दिसतो, त्याची वाट बघू नये. ओळखायची खूण वेगळी आहे. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखतंय का? सकाळी उठल्यावर दुखतं आणि रानात गेल्यावर उतरतं का? पित्त सगळ्या घराला एकाच रात्री होत नाही.

कोविडनंतर घरोघर बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. इथं त्याच्यावर विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. माणूस गुंगीत आणि यंत्रावर ९८, असं खुशाल दिसू शकतं. रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन, मोजणारी तपासणी वेगळी असते आणि ती मुद्दाम सांगावी लागते. तीही वेळेत. साध्या हवेत रक्तातलं प्रमाण चार ते सहा तासांत निम्म्यावर येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त दिलं तर तपासणी नॉर्मल येईल, आणि तेवढ्यानं रात्री काही झालंच नव्हतं असं सिद्ध होत नाही.

हे सगळं त्या रात्रीपुरतं झालं. ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट त्यानंतर घडते.

समजा, सेलू तालुक्यातल्या एखाद्या गावात पंचाहत्तरीचे अण्णा आहेत. रात्री खोलीत शेगडी होती, पहाटे ते उठेनात. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, दुपारपर्यंत शुद्धीवर आले. सगळ्यांना नावानिशी ओळखलं. तिसऱ्या दिवशी घरी. भाकरी खाल्ली, तुरीचा भाव विचारला, मारुतीला जाऊन आले. घर निर्धास्त झालं. दोन-तीन आठवडे असेच चांगले गेले. मग एके दिवशी अण्णा चहाचा कप हातात धरून नुसते बसलेले, चहा गार होईपर्यंत. धोतराचा काष्टा घालायचा राहू लागला. पावलं आखूड, घासत. सुनेला बहिणीच्या नावानं हाक. विचारलं तर एका शब्दात उत्तर, नाहीतर तेही नाही. मग अंथरुणात लघवी. घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं धसका घेतला, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं: वय झालं आता.

अण्णा मी रचलेले आहेत, पण हा क्रम वैद्यकात नोंदलेला आहे. विषबाधेनंतर माणूस पूर्ण सुधारतो आणि साधारण दोन ते चाळीस दिवसांच्या आत पुन्हा घसरतो. विसर, औदासीन्य, बोलणं बंद होणं, चालणं बिघडणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पार्किन्सनसारखा ताठरपणा. याची सगळ्यात ठळक नोंद कोरियातली आहे. तिथल्या घरात जमिनीखालून ऊब देण्याची जुनी पद्धत आहे. गेल्या शतकात त्यासाठी दगडी कोळशाच्या भोकाभोकांच्या वड्या जाळत आणि जमिनीच्या भेगांतून वायू वर येई. तिथल्या चोई या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९८३ साली २३६० रुग्णांचा आढावा छापला. त्यांतल्या ६५ जणांना असं मागाहून दुखणं लागलं होतं. दवाखान्यात भरती कराव्या लागलेल्यांचा हिशेब केला तर शंभरात जवळजवळ बारा जणांना. तरुणांत हे क्वचित, वय वाढेल तसं जास्त. पुढं इतर देशांत झालेल्या पाहण्यांतही वय हा मोठा धोका म्हणून पुन्हा पुन्हा दिसला, तसंच किती वेळ बेशुद्ध होता हेही.

मधले ते चांगले आठवडे कुठून येतात? मेंदूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. विहिरीवरच्या मोटारीच्या केबलला जसं रबर, तसं. त्या रात्री तंतू तुटत नाही, वरचं आवरण बिघडायला सुरुवात होते. ऑक्सिजन तुटून पुन्हा मिळू लागला की काही तीव्र रसायनं तयार होतात आणि ती मायलिनमधल्या स्निग्ध भागाला खवट करतात. त्यातल्या एका प्रथिनाचं रूप पालटतं. शरीराची संरक्षण यंत्रणा मग त्याला परकं समजून त्याच्यावर तुटून पडते, आणि हे काम आठवडे चालतं. आवरण पुरेसं उघडं पडलं की संदेश अडखळू लागतात, आणि घरच्यांना तो दिवस दुखण्याचा पहिला दिवस वाटतो. मूळ तारीख महिनाभर मागं असते.

म्हणून ‘वय झालं’ हे उत्तर मला इथं सगळ्यात घातक वाटतं. अल्झायमर वर्षावर्षानं चढतो. गेल्या दिवाळीला आणि या दिवाळीला फरक दिसतो. इथं फरक मागच्या आणि या सोमवारात असतो. दुसरं, हे दुखणं पुष्कळदा उलटतं. चोईंनी पुढं ज्यांच्यावर लक्ष ठेवलं त्यांपैकी तीन चतुर्थांश लोक वर्षभरात सुधारले. म्हातारपण समजून कोपऱ्यात बसवलेल्या माणसाला ना व्यायाम मिळतो, ना नीट खाणं, ना कुणाचं बोलणं. पाठीला जखमा होतात, खाल्लेलं श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणजे जे वर्ष सुधारण्याचं होतं तेच हातचं जातं. चालण्यातला ताठरपणा बघून पार्किन्सनच्या गोळ्या सुरू होतात, त्यांचा इथं फारसा उपयोग होत नाही. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्या, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालयात न्या, नाहीतर खासगी मेंदूविकारतज्ज्ञांकडं. केसपेपर लिहिताना ‘महिन्यापूर्वी बंद खोलीत शेगडी होती, बेशुद्ध झाले होते’ हे वाक्य आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

रोज थोडा थोडा वायू जात असेल तर? आयुष्यभर चुलीपुढं बसलेल्या बायांचा हा प्रश्न आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, गवऱ्या, बाभळीची लाकडं, यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतोच, पण त्याच्याबरोबर बारीक कणही असतात आणि तेही मेंदूच्या रक्तवाहिन्यांना बाधतात. त्यामुळं एकट्या कार्बन मोनॉक्साइडच्या माथी दोष मारता येत नाही. ‘लासी’ ही ४५ वर्षांवरच्या भारतीयांची मोठी पाहणी आहे. तिच्या पहिल्या फेरीत, २०१७ ते २०१९ दरम्यान, ७२ हजारांहून जास्त लोकांना भेटून त्यांची स्मरणशक्तीही तपासली गेली. लाकूड-गवरी जाळणाऱ्या घरांतल्या लोकांचे गुण गॅसवाल्या घरांपेक्षा कमी भरले. गरिबी आणि शिक्षणाचा हिशेब घातल्यावर हा फरक कमी होतो, पण पुसला जात नाही. याच पाहणीच्या जोडअभ्यासानं साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज काढला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२० साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हवेचं प्रदूषण घातलं. उज्ज्वला योजना २०१६ला आली, सिलिंडर घराघरांत दिसतो, पण पाणी तापवायला आणि भाकरीला चूल राहिलीच आहे.

घरं मात्र बदलली. जुन्या माळवदाच्या घराला साणं असायचं, चुलीच्या वरच धाब्याला ठेवलेलं भोक. उजेड यायचा, धूर जायचा, पाऊस आला की त्यावर पत्रा ओढायचा. मातीच्या घरात बाकी कितीही गैरसोय असो, एवढी सोय चोख होती. स्लॅबच्या घरात साणं गेलं, खिडकीला सरकती काच आली, आणि शेगडी तीच राहिली. बंबाचंही तसंच. अंगणातला किंवा उघड्या न्हाणीतला बंब वेगळा आणि टाइल लावलेल्या चार बाय सहाच्या बाथरूममधला वेगळा.

शहरात बंबाची जागा गॅस गिझरनं घेतली. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या फ्लॅटमध्ये तो बाथरूमच्या आतच बसवलेला असतो आणि थंडी वाजते म्हणून खिडकी बंद. गॅस पेटताना खोलीतलाच ऑक्सिजन खातो. तो उतरला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि वायू वाढत जातो. तरुण माणूस पाच मिनिटांत अंघोळ करून बाहेर येतो. म्हाताऱ्या माणसाला स्टुलावर बसून, गरम पाण्यानं गुडघे शेकत अर्धा तास लागतो. मला विचाराल तर गॅस गिझर बाथरूमच्या भिंतीबाहेर, उघड्यावर हवा, नाहीतर नकोच, विजेचा घ्या. लाइट गेल्यावर दुकानाच्या आत किंवा जिन्याखाली लावलेला जनरेटरही त्याच जातीचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून हा वायू येत नाही.

थंडीत शेगडी लागणारच असेल तर खोली आधी तापवून, झोपायच्या आत ती उचलून अंगणात ठेवा. जागेपणीही समोरासमोरच्या दोन फटी उघड्या राहू द्या, एक खाली, एक वर. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा बॅटरीवरचा अलार्म ऑनलाइन मिळतो. धुराचा अलार्म आणि सिलिंडरची गळती ओळखणारा अलार्म ही वेगळी यंत्रं आहेत, तेव्हा घेताना डब्यावर वाचून घ्या.

कुणी बेशुद्ध सापडलं तर दार-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर उघड्यावर आणा, १०८ला फोन करा. कांदा हुंगवत, तोंडात पाणी घालत बसू नका. दवाखान्यात घट्ट मास्कनं शंभर टक्के ऑक्सिजन दिला की रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-सहा तासांऐवजी तास-दीड तास लागतो. वाढीव दाबाच्या पेटीत ऑक्सिजन देण्याचाही उपचार आहे. २००२ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांनी स्मरण-विचारांचा त्रास उरलेले रुग्ण या उपचारात २५ टक्के होते, साध्या ऑक्सिजनवर ४६ टक्के. अशी पेटी जिल्ह्याच्या प्रत्येक ठिकाणी नसते, आणि कोणाला तिचा उपयोग होतो यावर डॉक्टरांत मतभेदही आहेत. ती शोधण्यात साधा ऑक्सिजन लावायला उशीर होऊ देऊ नये.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. बीड, धाराशिवकडच्या कितीतरी गावांत ऐन थंडीत कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखाना बंद होईपर्यंत. गावात म्हातारी माणसं आणि शाळेची नातवंडं. मागाहून येणारं हे दुखणं ओळखायला काल-परवाचा माणूस कसा होता हे माहीत असलेलं कुणीतरी लागतं, आणि तेच घरात नसतं. असा प्रसंग झालेल्या घरात दवाखान्यातून सुटताना सहा आठवड्यांनंतरची तारीख कागदावर लिहून घ्या आणि तोवर रोज फोन करा. ‘बरं आहे का’ विचारलं तर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा सकाळी काय खाल्लं, काल कोण येऊन गेलं, निराधार योजनेची पगार, म्हणजे महिन्याचे सरकारी पैसे, कुठल्या तारखेला जमा झाली ते विचारा. त्यांना निराधारची पगार कधी जमा होते हे कधी सांगावं लागत नाही. ते सांगता आलं नाही तर शेजारच्याला पाठवून चालून दाखवायला सांगा. आणि नातवाला विचारा, आजोबा रात्री उठून बाहेर जातात की अंथरूण ओलं होतं. पोरं हे खरं सांगतात.